एकोणीस वर्षांच्या मुलीचं नाव कॅनडाच्या पीआर (कायम वास्तव्याच्या) अर्जात घालायचं का?

ताई, तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडते. माझं काही चुकत असेल तर सांगा.

तुम्ही नाशिकला राहता. तुमचं वय ४२, यजमानांचं ४६. मुलगी गेल्या मार्चमध्ये एकोणीस पूर्ण झाली. ती पुण्यात हॉस्टेलवर राहून बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलगा बारा वर्षांचा. एक्स्प्रेस एन्ट्रीचं, म्हणजे गुणांवर पीआरसाठी निवड करण्याच्या कॅनडाच्या पद्धतीचं, प्रोफाइल यजमानांच्या नावानं केलंय आणि सोबत एका प्रांताच्या नॉमिनेशनचाही, म्हणजे प्रांतानं आपली निवड करून नाव सुचवण्याचा, प्रयत्न चालू आहे. मुलगी म्हणते, डिग्री झाल्याशिवाय मी येणार नाही. एजंट म्हणतो, मग तिचं नावच घालू नका. फंड, म्हणजे तिकडे स्थिरावायला लागणारे पैसे, कमी दाखवावे लागतील, कागद कमी लागतील, आणि तुम्ही तिकडे स्थिरावलात की तिला स्पॉन्सर करा, म्हणजे तुमच्या हमीवर बोलावून घ्या. तुम्हाला हे पटत नाही, पण नेमकं काय चुकतंय ते कळत नाही, आणि एजंट बदलायचा का, हाही प्रश्न आहे.

तुमची शंका बरोबर आहे. मुलीचं नाव अर्जात घालायलाच हवं. ती येवो, न येवो, उशिरा येवो. इथे तुम्हाला निवड करण्याची मुभा नाही. निवड आहे ती पुढच्या गोष्टीची, म्हणजे ती ‘सोबत येणारी’ म्हणून दाखवायची की ‘सोबत न येणारी’. एजंटनं या दोन गोष्टी एकत्र कालवल्या आहेत आणि सगळा गोंधळ तिथून सुरू झालाय.

मी इथे कॅनडात परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांत हल्ली वयानं मोठी मुलं असलेली बरीच असतात. आई-वडील चाळिशीत, थोरलं मूल बारावी ओलांडून कॉलेजात, धाकटं शाळेत. या कुटुंबांचा अर्ज लहान मुलांच्या अर्जासारखा भरून चालत नाही. अठरा पूर्ण झालेलं मूल कॅनडाच्या दृष्टीनं तुमच्यावर अवलंबून असलेलं असतं, पण त्याच वेळी स्वतःच्या माहितीला स्वतः जबाबदार असलेली सज्ञान व्यक्तीही असतं.

आधी वयाचा नियम. कॅनडात ‘डिपेंडंट चाइल्ड’ म्हणजे २२ वर्षं पूर्ण न झालेलं, लग्न न झालेलं आणि कुणाबरोबर कॉमन-लॉ नात्यात नसलेलं मूल. २२ च्या वरचं मूल फक्त एकाच परिस्थितीत धरतात: शारीरिक किंवा मानसिक कारणामुळे ते स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल आणि २२ च्या आधीपासून आई-वडिलांच्या आधारावर असेल तर. हा नियम २४ ऑक्टोबर २०१७ पासून आहे. त्याआधी १ ऑगस्ट २०१४ पासून मर्यादा १९ च्या आतली होती. त्याच्याही आधी २२ ची होती आणि पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांना त्यानंतरही सवलत मिळायची. म्हणून तुमच्या ओळखीतलं कुणी म्हणत असेल की ‘आमच्या वेळी एकोणीसच्या वर चाललं नाही’ किंवा ‘शिकत असेल तर पंचविसाव्या वर्षीही चालतं’, तर ते खोटं बोलत नाहीत, त्यांच्या काळातला नियम सांगताहेत. आज शिक्षण चालू असण्याची ही सवलत नाही. उलट २२ च्या आतल्या मुलानं शिकत असल्याचं किंवा पैशासाठी तुमच्यावर अवलंबून असल्याचं सिद्धही करावं लागत नाही. मुलगी सुट्टीत एखाद्या मेडिकल दुकानात काम करून चार पैसे मिळवत असेल तरी काही बिघडत नाही. ऑस्ट्रेलियात अठरा ते तेवीसच्या मुलांचं आर्थिक अवलंबित्व दाखवावं लागतं आणि अमेरिकेत मुलाची हद्द २१ ची आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर हे तिन्ही देश एकमेकांत मिसळतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता तुमच्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची तारीख. मुलीचं वय कोणत्या दिवशी मोजतात? व्हिसा मिळेल त्या दिवशीचं धरत नाहीत, आणि प्रोफाइल बनवलं त्या दिवशीचंही नाही. एक ठरावीक दिवस असतो, त्या दिवशी वय ‘लॉक’ होतं आणि नंतर प्रक्रियेला कितीही वेळ लागला तरी वयामुळे मूल बाहेर पडत नाही. नुसत्या एक्स्प्रेस एन्ट्रीतून जाणार असाल तर आमंत्रण, म्हणजे आयटीए, आल्यावर तुम्ही पीआरचा पूर्ण अर्ज भरता, तो दिवस. प्रोफाइल पूलमध्ये, म्हणजे आमंत्रणाची वाट पाहणाऱ्यांच्या यादीत, वर्षभर पडून असेल तर त्या वर्षाचा काही फायदा नाही, मुलगी तेवढी मोठीच होत असते. प्रांताच्या नॉमिनेशनमधून जाणार असाल तर प्रांताकडे नॉमिनेशनचा अर्ज केला तो दिवस धरतात, म्हणजे बराच आधीचा. पण तिथेही नुसता ‘एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट’ (यायची इच्छा आहे एवढंच) नोंदवणं म्हणजे अर्ज करणं नव्हे. प्रांतानं बोलावल्यावर तुम्ही प्रत्यक्ष अर्ज करता तेव्हा वय लॉक होतं. क्युबेकची पद्धत वेगळी आहे, तिथे त्यांच्या निवड प्रमाणपत्रासाठी अर्ज केल्याची तारीख धरतात. तुम्ही क्युबेकचं काही लिहिलेलं नाही, म्हणून तो विषय सोडते.

‘पूर्ण अर्ज’ हे शब्द वाचताना घाई करू नका. एखादा आवश्यक कागद नसलेला अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो आणि त्याच्याबरोबर ती तारीखही जाते. दुसऱ्यांदा भरलेल्या अर्जाला नवी तारीख लागते. अर्ज नाकारला गेला आणि पुन्हा केला तरी तसंच. तुमच्या मुलीला बावीस व्हायला अजून अवकाश आहे, त्यामुळे एका परत आलेल्या अर्जानं आभाळ कोसळणार नाही. पण वाढदिवसाला दोन-तीन महिने उरले असताना असं झालेली कुटुंबं मी पाहिली आहेत. एक मूल यादीतून गळतं आणि आई-वडिलांना बाकीच्यांना घेऊन जायचं की सगळंच सोडायचं, हे ठरवावं लागतं.

लॉक होतं ते फक्त वय. अविवाहित असण्याची अट अर्जाच्या दिवशीही लागते आणि पीआर मिळेपर्यंतही. आपल्याकडे मुलगी एकवीसची होता होता स्थळं यायला लागतात. साखरपुडा झाला तर हरकत नाही. पण अर्ज चालू असताना लग्न झालं, मग ते घरगुती असो की नोंदणी पद्धतीचं, तर ती डिपेंडंट राहत नाही आणि ते कळवणं बंधनकारक आहे. जोडीदाराबरोबर सलग वर्षभर नवरा-बायकोसारखं एकत्र राहणं हेही कॅनडात कॉमन-लॉ नातं ठरतं. पुण्या-बंगळुरात राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न घरात कुणी विचारत नाही, फॉर्म मात्र विचारतो. म्हणून माझ्याकडे कुटुंब आलं की मी अठरावरच्या मुलाशी एकदा वेगळं बोलते, आई-वडिलांसमोर नाही.

आता एजंटच्या सल्ल्याकडे येऊ. नाव न घालता नंतर स्पॉन्सर करू, हे का जमत नाही? कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांत ११७(९)(डी) नावाचं एक कलम आहे. तुम्ही पीआर घेताना कुटुंबातल्या ज्या व्यक्तीचं नाव सांगितलं नाही, किंवा जिची मेडिकल वगैरे तपासणी झाली नाही, त्या व्यक्तीला तुम्ही पुढे फॅमिली क्लासमधून, म्हणजे जवळच्या नातेवाइकांना बोलावण्याच्या मार्गानं, स्पॉन्सर करू शकत नाही. कधीच नाही. सप्टेंबर २०१९ पासून काही जणांसाठी एक सवलतीचं धोरण आलं. ज्या व्यक्तीचं नाव सांगितलं असतं तरी मूळ अर्ज पात्रच ठरला असता, अशा व्यक्तींना त्याचा उपयोग होऊ शकतो. पण ते अडकलेल्यांसाठी आहे आणि तात्पुरतं धोरण आहे, आज ठरवून नाव लपवणाऱ्यांनी त्यावर विसंबायचं नसतं.

शिवाय नाव न सांगणं ही चुकीची माहिती देणं ठरतं. कायद्याच्या ४० व्या कलमाखाली त्यासाठी पाच वर्षांची बंदी येऊ शकते, आणि पीआर मिळाल्यानंतर उघड झालं तर मिळालेला पीआरही धोक्यात येतो. उघड होणं अवघड नसतं. उद्या मुलगी स्वतः स्टडी परमिटचा अर्ज करेल, त्यात आई-वडील कुठे आहेत ते लिहील, आणि दोन्ही अर्ज एकाच इमिग्रेशन खात्याकडे असतात. ब्रॅम्प्टनमधलं एक कुटुंब नेमकं या कारणानं माझ्याकडे आलं होतं. थोरल्या मुलाचं नाव कुणाच्या तरी सांगण्यावरून वगळलेलं होतं, आणि मुलगा इथल्या कॉलेजचं प्रवेशपत्र हातात घेऊन व्हिसासाठी अर्ज करायला निघाला होता. अशा वेळी सल्लागारही फार काही करू शकत नाही. सत्य सांगून खुलासा करायचा आणि निर्णयाची वाट बघायची.

फंड कमी लागतो, हेही चूक आहे. सेटलमेंट फंड मोजताना कुटुंबातली सगळी माणसं धरतात, सोबत न येणारीसुद्धा. २०२५ च्या तक्त्यात तिघांसाठी सुमारे २३ हजार कॅनेडियन डॉलर होते आणि चौघांसाठी सुमारे २८ हजार. म्हणजे ज्या बचतीच्या नावाखाली तुमच्या मुलीचा हक्क पणाला लावला जातोय ती सारी पाच हजार डॉलरची आहे. ते पैसे कुणाला द्यायचेही नसतात, खात्यात दाखवायचे असतात. आपल्या कुटुंबांना अडचण होते ती वेगळीच. आपले पैसे घरात, शेतात आणि सोन्यात असतात आणि त्यातलं काहीच इथे चालत नाही. सातबारा जोडून उपयोग नाही, फ्लॅटचं व्हॅल्युएशन जोडून उपयोग नाही. खात्यातली शिल्लक आणि केव्हाही मोडता येईल अशी एफडी चालते. बँकेच्या पत्रात मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक मागतात, त्यामुळे आदल्या आठवड्यात काकांनी टाकलेले लाखो रुपये उठून दिसतात. मुलीला जोडण्याचं शुल्क म्हणाल तर २०२४ मध्ये ठरलेल्या दरानं २६० डॉलर होतं. मुख्य अर्जदाराला त्या दरानं ९५० आणि वर ५७५ डॉलरचं पीआर हक्काचं शुल्क होतं. हे हक्काचं शुल्क मुलांना लागतच नाही. भरण्याआधी त्या दिवशीचे दर मात्र बघा, ते अधूनमधून वाढतात.

तर नाव घालायचं, हे पक्कं. आता ती सोबत येणारी की न येणारी, हा खरा विचार करण्यासारखा भाग आहे आणि याचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्या मुलीचं कॅलेंडर मी मांडून पाहिलं. दुसरं वर्ष आत्ता, तिसरं पुढच्या वर्षी, चौथं त्याच्या पुढच्या. शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा मे-जूनच्या सुमारास. पण त्याच वर्षी मार्चमध्ये तिला बावीस पूर्ण होतात. म्हणजे ‘डिग्री झाल्यावर स्पॉन्सर करू’ हा बेत नाव घालूनही फसतो, कारण स्पॉन्सरशिपच्या अर्जात वय नव्यानं मोजतात, त्या अर्जाच्या तारखेला. आज एकोणीसची म्हणून तुमच्या अर्जात नोंदलेली मुलगी तेव्हा बावीसची असेल आणि फॅमिली क्लासच्या व्याख्येतून बाहेर गेलेली असेल. ‘न येणारी’ म्हणून दाखवलंत तर तिला स्पॉन्सर करायची खिडकी तुम्ही पोहोचल्यापासून तिच्या बाविसाव्या वाढदिवसापर्यंत, एवढीच. त्या काळात ती पुण्यात तिसऱ्या-चौथ्या वर्षात असणार.

म्हणून तुमच्या परिस्थितीत मी तिला ‘सोबत येणारी’ म्हणून दाखवा असं सांगेन, तिची तयारी असेल तर. सोबत येणारी म्हणजे शिक्षण सोडून कायमचं यायला हवं असा अर्थ नाही. पीआरचं कन्फर्मेशन आल्यावर त्याच्या मुदतीत एकदा तुमच्याबरोबर यायचं, लँडिंग करायचं, म्हणजे पीआर म्हणून पहिल्यांदा कॅनडात दाखल व्हायचं, आणि पुण्याला परत जाऊन डिग्री पुरी करायची. आमच्याकडे याला सॉफ्ट लँडिंग म्हणतात. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. समजा तिचं लँडिंग साडेवीसाव्या वर्षी झालं आणि डिग्री संपवून ती साडेबावीसला आली, तर पाचातली दोन वर्षं बाहेर गेली. तीन उरतात आणि तिला दोन लागतात. हिशेब बसतो. पण त्यानंतर भारतात एम.फार्म. करायचं ठरलं तर तो ताणला जाईल, हे तिला आत्ताच सांगा.

लँडिंगच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळा. मुख्य अर्जदारानं आधी किंवा बरोबरीनं यायचं असतं, मुलीनं एकटीनं सुट्टीत येऊन लँडिंग करून जाणं चालत नाही. आणि कन्फर्मेशनची मुदत बहुतेक वेळा मेडिकलच्या किंवा पासपोर्टच्या मुदतीशी बांधलेली असते, ती वाढवून मिळेल असं धरून चालू नका. विद्यापीठाच्या परीक्षा आणि ही मुदत एकमेकांवर आदळतात. विमानाची तिकिटं काढण्याआधी तिच्या सेमिस्टरचं वेळापत्रक समोर ठेवा. पीआर कार्ड कॅनडातल्या पत्त्यावर येतं आणि परतीच्या प्रवासात विमानात बसायला ते लागतं, तेव्हा तुम्ही इथे राहणार असाल तर तिचं कार्ड तुमच्या पत्त्यावर मागवून तिला पाठवता येईल.

तिच्या शिक्षणाबद्दल थोडं विषयांतर करते, कारण घरोघरी यावरून वाद होतो. ‘तिथेच जाऊन शिक, डिग्री सोड’ असं वडील म्हणतात आणि मुलं बिथरतात. फार्मसी हा इथे नियंत्रित व्यवसाय आहे. बाहेरून शिकून आलेल्यांना पीईबीसीचं, म्हणजे फार्मासिस्टांची परीक्षा घेणाऱ्या कॅनडातल्या संस्थेचं, मूल्यांकन आणि परीक्षा, मग प्रांताचा परवाना, अशा पायऱ्या असतात. अर्धवट बी.फार्म. घेऊन आल्यास इथल्या फार्मसी अभ्यासक्रमात सरळ पुढच्या वर्षात बसता येईल अशी आशा धरू नये. तुमची मुलगी डिग्री पुरी करायची म्हणते त्यात हट्टापेक्षा शहाणपण जास्त आहे. पीआर असल्याचा फायदा तिला नंतर होईल: पुढचं शिक्षण इथे घ्यायचं तर देशी विद्यार्थ्यांची फी लागते, आणि परदेशी विद्यार्थ्यांची फी त्याच्या कित्येक पट असते.

तिची मुळातच यायची इच्छा नसेल, तर ‘न येणारी’ दाखवणं हाच प्रामाणिक पर्याय. तरीही मेडिकल आणि बाकीचे कागद पूर्ण करायचे, म्हणजे निदान बावीसपर्यंतची खिडकी उघडी राहते. मधल्या काळात तिचं मन बदललं तर पीआर मंजूर होण्याआधी इमिग्रेशन खात्याला कळवून आणि शुल्क भरून तिला ‘सोबत येणारी’ करता येतं.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रोफाइल यजमानांच्या नावानं का आहे? एक्स्प्रेस एन्ट्रीच्या गुणांत ४५ आणि त्यापुढच्या वयाला शून्य गुण आहेत. जोडीदार सोबत असताना ४२ व्या वर्षी २५ गुण मिळतात, ४३ व्या वर्षी १५, ४४ व्या वर्षी ५. तुमचं शिक्षण, इंग्रजी आणि नोकरीचा अनुभव निकषांत बसत असेल तर तुम्हाला मुख्य अर्जदार करून गुण मोजून पाहा. दोघांची वेगवेगळी प्रोफाइल पूलमध्ये ठेवण्यातही अडचण नाही. पंचवीस गुणांनी आमंत्रण येईलच असं मी म्हणत नाही, यजमानांचा अनुभव मोठा असेल तर पारडं तिकडेच झुकेल. पण तुमचा पुढचा वाढदिवस आला की दहा गुण जातात, आणि तिकडे मुलीचं वयही वाढतंय. तुमच्यासारख्या वयाच्या जोडप्यांना नुसत्या एक्स्प्रेस एन्ट्रीतून आमंत्रण मिळणं अवघड जातं, म्हणून प्रांताचा मार्ग सोडू नका. तिथे मुलीचं वय लवकर लॉक होतं, हा वरचा लाभ.

आता कागद. आयटीए आल्यावर अर्जाला ६० दिवस मिळतात, आणि हॉस्टेलवरच्या मुलीचे कागद त्या ६० दिवसांत गोळा करायला निघालात तर दमछाक होते. तिची पीसीसी, म्हणजे पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, लागेल, कारण ती अठराच्या वर आहे. पासपोर्टवर नाशिकचा पत्ता आणि राहणं पुण्यात, अशा वेळी पासपोर्ट सेवा केंद्रात सध्याचा पत्ता कोणता दाखवायचा आणि पोलीस पडताळणीला ती कुठे हजर असेल, हे आधी ठरवा. ऑगस्ट २०२५ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीत मेडिकल अर्जाआधी करून जोडावं लागतं, तेही खात्याच्या यादीतल्या पॅनेल डॉक्टरकडेच. आपल्या फॅमिली डॉक्टरांचं पत्र चालत नाही. मेडिकलमध्ये किंवा पीसीसीमध्ये कुटुंबातली एक व्यक्ती अडकली तर सगळ्यांचा अर्ज अडकतो, मग ती व्यक्ती सोबत येणारी असो वा नसो. तिला काही जुना आजार असेल तर तो लपवू नका, उपचारांचे रिपोर्ट नीट लावून ठेवा.

अठरा पूर्ण झाल्यापासूनचा तिचा इतिहास तिनं स्वतः लिहायचा असतो, महिन्यागणिक, मध्ये फट न ठेवता. बारावी झाली, सीईटी दिली, दोन महिने घरी होती, मग कॉलेज, हे सगळं. याआधी कुठल्या देशाचा व्हिसा नाकारला गेला असेल तर तेही, अगदी शाळेच्या सहलीसाठी केलेला अर्ज असला तरी. पालक हे विसरतात, मुलांना आठवतं. म्हणून फॉर्म तिच्याकडून भरून घ्या आणि पाठवण्याआधी तिलाच पुन्हा वाचायला द्या. खाली केलेलं निवेदन तिलाही बांधून ठेवतं.

जन्मदाखल्याकडे विशेष लक्ष द्या. ती तुमचीच मुलगी आहे हे कॅनडा त्यावरून ठरवतं, आणि महाराष्ट्रातल्या नावांचा घोळ तिथेच उघडा पडतो. दाखल्यावर तुमचं नाव माहेरचं की सासरचं? पासपोर्टवर कोणतं? मुलीच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, एवढ्यानं काही होत नाही. पण आईचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारचं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र जोडून एका ओळीत खुलासा करा. नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा. काही जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘स्त्री’ एवढंच असतं. तसं असेल तर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आजच जा, त्याला वेळ लागतो. दाखला फक्त मराठीत असेल तर अनुवादकाच्या प्रतिज्ञापत्रासह इंग्रजी भाषांतर लागेल. जन्मतारीख दाखल्यावर एक आणि शाळेत दुसरी असेल, तर ती गोष्ट आधी निस्तरा, कारण तुमच्या अर्जात तिची जन्मतारीखच सगळ्याचा पाया आहे.

तुमच्या धाकट्यासाठी यातलं बहुतेक लागत नाही. तुम्ही दोघंही सोबत येताय, त्यामुळे न येणाऱ्या पालकाच्या संमतीचा आयएमएम ५६०४ हा फॉर्मही नको. तो घटस्फोटित किंवा एकटं येणाऱ्या पालकांना १८ खालच्या मुलांसाठी लागतो. घटस्फोटितांच्या बाबतीत मोठं मूल दुसऱ्या पालकाकडे असेल आणि तपासणीला तयार नसेल, तर गोष्ट गुंतागुंतीची होते. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं तसं असेल तर वेगळा प्रश्न विचारा, इथल्या उत्तरावरून निर्णय घेऊ नका.

आता तुम्ही शेवटी विचारलं आहे की एजंट बदलायचा का. कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन देण्याचा अधिकार कॅनडातल्या प्रांतांच्या वकिलांना, क्युबेकच्या नोटरींना आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या सल्लागारांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या परवानाधारकांना आहे. हा परवाना कॉलेजच्या सार्वजनिक यादीत नाव टाकून कुणालाही तपासता येतो. तुमच्या एजंटला परवाना क्रमांक विचारा आणि यादीत बघा. क्रमांक नसेल, किंवा ‘आमच्या कॅनडाच्या ऑफिसात आहे’ असं उत्तर आलं आणि त्या माणसाशी तुमचं कधी बोलणंच झालं नसेल, तर पुढचे पैसे देऊ नका. परवाना असला तरी एक काम कराच: प्रोफाइलचं लॉगिन किंवा भरलेल्या माहितीची संपूर्ण प्रत आज मागून घ्या आणि कुटुंबाच्या रकान्यात माणसं किती लिहिली आहेत ते बघा. तिथे तीन लिहिले असतील तर आमंत्रण यायच्या आधी चार करून घ्या. प्रोफाइलमध्ये ही दुरुस्ती करता येते, पैसे लागत नाहीत, आणि मुलं वाढल्यानं गुण कमी होत नाहीत. प्रांताकडे अर्ज गेला असेल तर त्याची पोचपावती मागा, त्यावरची तारीख आणि त्यात मुलीचं नाव आहे की नाही, एवढं इथे लिहा. मुलीचं नाव, पासपोर्ट क्रमांक असलं काही उघड टाकू नका. त्या दोन गोष्टी कळल्या की वय लॉक झालंय का आणि प्रांताला दुरुस्ती कशी कळवायची, ते मी सांगू शकेन.